घरातले मंद इंटरनेट : दोष तारेचा, भिंतीचा की यंत्राचा?

बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आमच्या सीमाभागातील जुन्या घरांविषयी परगावचा पाहुणा दोन गोष्टी हमखास बोलतो. ऐन वैशाखातही माजघर गार राहते ही पहिली, आणि त्याच माजघरात लॅपटॉप उघडला की इंटरनेट रांगू लागते ही दुसरी. पहिल्या गोष्टीचे श्रेय तो मोकळ्या मनाने घराच्या भिंतींना देतो; दुसरीचा दोष मात्र इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या माथी मारतो. वस्तुतः दोन्हींचे मूळ पुष्कळदा एकच असते. पांढऱ्या मातीत दगड बसवून रचलेली, दोन-दोन हात जाडीची जी भिंत उन्हाची तलखी आत येऊ देत नाही, तीच बिनतारी लहरींचीही वाट अडविते.

हा विषय कौटुंबिक मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु २०२० साली शाळांना कुलपे लागली तेव्हापासून लॅपटॉप हा आपल्या घरांतील चैनीचा पदार्थ राहिलेला नाही. शेताची पहाणी काढावयाची असो, निवृत्तांचा हयातीचा दाखला असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो, सारे याच खिडकीतून चालते. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांना तर तिचे मोल आणखी एका कारणाने अधिक आहे. तालुक्याच्या गावी मराठी पुस्तकांचे दुकान नसते, ग्रंथालयात मराठीचे एखादेच कपाट असते. आणि मराठी विश्वकोश मात्र घरबसल्या विनामूल्य वाचता येतो, बालभारतीची पाठ्यपुस्तके तशीच उतरवून घेता येतात. म्हणून ही खिडकी नीट उघडत नसेल तर नेमके कोठे अडते ते गृहस्थाला, आणि गृहिणीलाही, स्वतः तपासता आले पाहिजे. त्यासाठी अभियंता असावे लागत नाही.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाचे उदाहरण सांगतो. घर जुने, माळवदाचे. मुलगी बारावी उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेली आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी महाविद्यालयांचे विकल्प ऑनलाइन भरावयाचे दिवस. आमच्या भागाला संविधानाच्या ३७१ (जे) या अनुच्छेदाने या प्रदेशातील जागांत ७० टक्के आणि राज्यातील इतर भागांत ८ टक्के आरक्षण मिळाले आहे. त्यामुळे येथील विद्यार्थ्याला विकल्पांची यादी दोन्ही बाजूंचा विचार करून, काळजीपूर्वक लावावी लागते. एक क्रम चुकला किंवा मुदतीत नोंदला गेला नाही तर हातची जागा जाते. इकडे मुलगी माजघरात बसून एकेक विकल्प नोंदवी आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राही. वडिलांचे मत असे की कंपनी बदलावी. काकांचे मत असे की लॅपटॉप सात वर्षांचा झाला, हप्त्यांवर नवा घ्यावा. चार दिवस हा वाद चालला. मुदतीला दोन रात्री उरल्या असता लॅपटॉप उचलून ढेलजेत, जेथे कंपनीच्या माणसाने राउटर ठोकला होता त्याच्यापाशी नेला. आणि माजघरात सेकंदाला तीन-चार मेगाबिटांवर खुरडणारे इंटरनेट तेथे साठाच्या पुढे धावू लागले. कंपनीही निर्दोष होती आणि लॅपटॉपही. मध्ये तीन भिंती होत्या. मुलीने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वर्दळीत, ढेलजेतल्या बाजेवर बसून सगळे विकल्प भरले.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आपली एक म्हण आहे. मंद इंटरनेटच्या बाबतीत ती घरोघर खरी होताना दिसते. याचे कारण असे की ‘इंटरनेट’ हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या प्रवासांना लावतो. पहिला प्रवास बाहेरच्या जगातून घरातील राउटरपर्यंत. हा आता बहुतेक ठिकाणी काचेच्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपाने होतो. दुसरा प्रवास राउटरपासून लॅपटॉपपर्यंत. हा हवेतून, बिनतारी लहरींनी होतो आणि वायफाय म्हणतात तो एवढाच. तिसरा प्रवास लॅपटॉपच्या आत, आलेली माहिती पडद्यावर मांडण्याचा. तिन्हींपैकी कोणताही एक अडला तरी पडद्यावर तेच चक्र फिरते. कंपनीचा संबंध केवळ पहिल्याशी आहे, आणि तक्रार मात्र तिन्हींची तिच्याकडे जाते.

तेव्हा चिकित्सेची पहिली पायरी म्हणजे हे तीन प्रवास एकमेकांपासून वेगळे करणे. वेग मोजणारी संकेतस्थळे विनामूल्य मिळतात. लॅपटॉप राउटरपासून तीन-चार हातांवर ठेवावा, घरातील इतर फोन क्षणभर वायफायवरून उतरवावेत आणि वेग मोजावा. शक्य असेल तर राउटरला जाड निळी किंवा पिवळी तार जोडून, वायफाय बंद करून पुन्हा मोजावा. नव्या, चपट्या लॅपटॉपना ही तार खोचण्याचे भोक नसते. त्यासाठी यूएसबीचे छोटे जोडउपकरण मिळते. तारेवरही वेग कमीच आला तर दोष बहुधा पहिल्या प्रवासात आहे, आणि तेव्हाच कंपनीला फोन करावा. तारेवर वेग पुरा, राउटरजवळ वायफायवरही पुरेसा, आणि आतल्या खोलीत मात्र तुटपुंजा, असे दिसले तर दोष घराचा. आणि त्याच आतल्या खोलीत, त्याच जागी घरातील फोन सुरळीत चालतो पण लॅपटॉप चालत नाही, असे आढळले तर दोष लॅपटॉपचा. दहा मिनिटांचे हे काम आहे. परंतु ते न करता लोक हजारो रुपये खर्च करून बसतात.

मोजताना एका गोष्टीने पुष्कळांची फसगत होते. कंपनी वेग सांगते तो मेगाबिटमध्ये, आणि लॅपटॉप फाइल उतरवून घेताना वेग दाखवितो तो मेगाबाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे १०० मेगाबिटची जोडणी असता लॅपटॉपने सेकंदाला साडेबारा मेगाबाइट दाखविले तर तो पूर्ण वेग आहे, आठपट लूट नव्हे. शेर आणि छटाक यांची गल्लत करणाऱ्या दुकानदाराशी आपले आजोबा भांडत. येथे मात्र वजन बरोबर असून गिऱ्हाईकच भांडत असते.

आता भिंतींकडे वळू, कारण आमच्या भागातील खरे दुखणे तेथे आहे. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे साधारण अर्धी वीत. दुसऱ्यातील लहर तिच्याही निम्मी. लहर जितकी आखूड तितकी भिंत ओलांडताना ती सामान्यतः अधिक थकते. पातळ विटेच्या एका भिंतीतून दोन्ही बऱ्यापैकी पार होतात. परंतु दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंतीपुढे ५ गिगाहर्ट्झची लहर जवळजवळ हात टेकते, आणि २.४ गिगाहर्ट्झची कशीबशी पलीकडे पोहोचते.

त्यात ओल असली तर विचारावयासच नको. पाणी या लहरी शोषून घेते. बीदर शहर ज्या पठारावर वसले आहे तो तांबडा जांभा दगड अंगी सच्छिद्र आहे. किल्ल्याच्या भिंती त्याचाच दगड काढून उभ्या केल्या आणि खंदकही त्याच खडकात खोदला. याच सच्छिद्रतेच्या बळावर बहामनी काळात येथे भूमिगत कालव्यांची योजना होऊ शकली. नौबादची सुरंग बावडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना जांभ्यातून झिरपणारे पाणी कसे साठविले जाते हे निराळे सांगावयास नको. पाणी जपणारा हा दगड घराच्या भिंतीत बसला की पावसाळ्यात ओल धरतो. ‘मृग लागला की आमचे वायफाय बसते’ असे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, तेव्हा लोक हसतात. पण जुन्या जांभ्याच्या घरात त्यांचे निरीक्षण खोटे नाही. कलबुर्गी, शहाबाद, चित्तापूरकडे चुनखडीच्या लाद्यांची आणि दगडांची घरे आहेत; तेथेही जाडीचा हिशेब तोच. सिमेंटच्या नव्या घरांनी मात्र फार हुरळून जाऊ नये. स्लॅबमधील लोखंडी सळ्यांचे जाळे वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या लहरींना चांगलेच अडविते.

लहरींची ही ताकद मोजण्याचे एकक डेसिबेलचे आहे, आणि ते उणे आकड्यांत लिहितात. फोनवर वायफाय मोजणारे एखादे विनामूल्य ॲप घेतले की हा आकडा दिसतो. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत दृक्‌श्राव्य संभाषणही सुखाने चालते. उणे ८० म्हणजे केवळ नावापुरती जोडणी. यातील गोम अशी की हे आकडे वजाबाकीचे दिसले तरी हिशेब पटीचा असतो. दर तीन डेसिबेलला शक्ती निम्मी होते आणि दर दहाला एकदशांश. म्हणजे उणे ६० वरून उणे ८० वर आले तर शक्ती शंभरावा हिस्सा उरली. हा आकडा हाती घेऊन घरभर एक फेरी मारावी. कोणत्या उंबरठ्यावर तो एकदम कोसळतो ते पाहिले की घराचा शत्रू कोण ते कळते. आमच्याकडील घरांत तो उंबरठा बहुधा ढेलज आणि सोपा यांच्यामधला असतो.

राउटरची जागा ही दुसरी मोठी चूक. कंपनीचा माणूस तार जेथून आत येते तेथेच, म्हणजे रस्त्याकडेच्या भिंतीला, तो ठोकून मोकळा होतो. अर्ध्या लहरी मग रस्त्यावरील जनावरांच्या उपयोगी पडतात. पुढे घरातील मंडळी ती वस्तू ‘दिसायला बरी नाही’ म्हणून देवळीत सरकवितात. देवळी म्हणजे जाड भिंतीच्या पोटातील खोबण. तिच्या तीन बाजूंना भिंतच भिंत. त्याहून वाईट जागा म्हणजे लोखंडी कपाटाचा माथा किंवा त्याची पाठ, पाण्याने भरलेल्या हंड्यांची उतरंड, मोठ्या आरशाची मागची बाजू आणि फळीवर रचलेले स्टीलचे डबे. धातू आणि आरसा लहरी परतवितात, पाणी त्या गिळते. खिडकीला डासांसाठी बसविलेली धातूची बारीक जाळी हाही असाच छुपा अडथळा आहे. मायक्रोवेव्ह भट्टीच्या दाराला जी जाळी असते ती नेमकी याच कामासाठी, आतील लहरी बाहेर पडू नयेत म्हणून, असते. राउटर घराच्या मध्याजवळ, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर असावा. चुलीच्या वर किंवा पत्र्याच्या खाली नसावा. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर सहज जातो, आणि तापलेला राउटर माणसासारखाच गळून जातो.

एक लहानशी युक्ती येथेच सांगून टाकतो. खोलीच्या भिंतींवरून परतलेल्या लहरी मूळ लहरींना काही ठिकाणी बळ देतात आणि काही ठिकाणी खोडून काढतात. अशा बलवान आणि दुबळ्या जागा एकमेकींपासून चार बोटांच्या अंतरावरही असू शकतात. म्हणून लॅपटॉप टेबलावर वीतभर सरकविल्याने वेग वाढला तर तो भुताटकीचा प्रकार समजू नये.

या परतलेल्या लहरींनी वायफायच्या जनकांनाही पुष्कळ छळले होते. घराच्या भिंतींवरून उठणाऱ्या प्रतिध्वनींमुळे संदेश एकमेकांत मिसळून अस्पष्ट होत. त्यावर एक प्रभावी उपाय ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या शासकीय संशोधन संस्थेने काढला. जॉन ओ'सुलिव्हन हे मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. स्फोट पावणाऱ्या सूक्ष्म कृष्णविवरांचे क्षीण संदेश १९७० च्या दशकात ते शोधत होते. ती विवरे त्यांना सापडली नाहीत, परंतु विस्कटलेला संदेश पुन्हा स्पष्ट करण्याच्या गणिताचा हात बसला, आणि पुढे ते गणित खोलीतल्या प्रतिध्वनींवर कामी आले. १९९६ साली त्यांच्या गटाला अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. वायफायचे पहिले प्रमाण १९९७ चे. मराठी वाचकाला यात एक आपुलकीचा धागा सापडेल. याच संस्थेत १९५० च्या दशकात काम करून आलेले डॉ. गोविंद स्वरूप यांनी सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथील, त्याच संस्थेने भारताला दिलेल्या ३२ लहान तबकड्या १९६५ साली कल्याणजवळ उभ्या केल्या. त्यांनीच पुढे नारायणगावजवळील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महादुर्बीण उभारली. आकाशाचे कान टवकारण्याची विद्या आणि माजघरातला लॅपटॉप यांचे नाते इतके जवळचे आहे.

असो. दोन पट्ट्यांपैकी कोणता वापरावा, हा प्रश्न आता सुटण्यासारखा आहे. राउटर ज्या खोलीत आहे तेथे किंवा एका पातळ भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा वापरावा. तो प्रशस्त आहे आणि वेगवान आहे. दोन जाड भिंतींपलीकडे २.४ गिगाहर्ट्झचाच आधार. पुष्कळ राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि निवड लॅपटॉपवर सोपवितात. लॅपटॉप ती निवड नेहमी शहाणपणाने करतो असे नाही. राउटरच्या मांडणीत जाऊन दोघांना निरनिराळी नावे दिली की निवड आपल्या हाती येते. विंडोजमध्ये वायफायच्या गुणधर्मांच्या पानावर आपण कोणत्या पट्ट्यावर आहोत आणि राउटरशी जोडणीचा वेग किती आहे, हे लिहिलेले असते. ते पान एकदा उघडून पाहावे.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची आणखी एक अडचण म्हणजे गर्दी. या पट्ट्यातील घरगुती वापराला २००५ पासून आपल्या देशात परवाना लागत नाही, म्हणून शेजाऱ्याचा राउटर, ब्लूटूथची खेळणी आणि मायक्रोवेव्ह भट्टी सारी तेथेच नांदतात. या पट्ट्यातील वाहिन्यांना क्रमांक असतात. पण त्या एकमेकींच्या अंगावर इतक्या रेलून आहेत की एकमेकींना न खेटणाऱ्या केवळ तीनच निघतात : १, ६ आणि ११. फोनवरच्या ॲपमध्ये शेजारचे राउटर कोणत्या क्रमांकावर आहेत ते पाहावे आणि या तिघींपैकी जी मोकळी ती निवडावी. मधला ३ किंवा ८ हा क्रमांक रिकामा दिसतो म्हणून घेण्याचा मोह टाळावा. त्याने दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडण ओढवते.

एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलावयाचे, हा वायफायचा मूळ नियम आहे. पंगतीला एकच वाढपी असावा तसे ते आहे. वाढपी तुमच्यापुढे येऊन चटकन वाढून पुढे जातो. पण पंगतीच्या टोकाला एक कमी ऐकू येणारे पाहुणे बसले असतील, तर त्यांना ‘काय वाढू?’ म्हणून तीन-तीनदा विचारावे लागते, आणि तोवर सारी पंगत ताटावर हात धरून बसते. परसातल्या खोलीत एक डाग ताकदीवर चालणारा जुना फोन हा असा पाहुणा असतो. त्याला संदेश सावकाश आणि वारंवार द्यावा लागतो, आणि त्याची झळ राउटरशेजारी बसलेल्या लॅपटॉपलाही पोहोचते. म्हणून लॅपटॉपवर महत्त्वाचे काम असता असे रेंगाळणारे फोन वायफायवरून उतरविणे हितावह.

याच ओघात गल्लीचा विचार करावयास हवा. आमच्याकडे शेजारधर्म मोठा. पूर्वी विरजण मागायला येत, आता पासवर्ड मागायला येतात. आणि नाही म्हणवत नाही. परंतु एकदा दिलेला पासवर्ड भाच्यापुतण्यांमार्फत गल्लीभर होतो. राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते. घरात चार फोन असता तेथे अकरा नावे आढळली तर पासवर्ड बदलावा आणि शेजाऱ्यांना चहाला बोलवावे. पासवर्डच्याच पानावर सुरक्षेचा प्रकारही तपासावा. जुन्या राउटरवर तो ‘डब्ल्यूईपी’ किंवा ‘टीकेआयपी’ असा राहून गेला असेल तर जोडणी ५४ मेगाबिटांच्या वर चढतच नाही, मग योजना कितीही महागाची असो. तो ‘डब्ल्यूपीए-२ एईएस’ किंवा त्यापुढचा करावा.

आता खुद्द लॅपटॉप. काकांचा संशय वरील घरात खोटा ठरला, तरी तो सर्वथा निराधार नसतो. स्वस्त किंवा जुन्या लॅपटॉपांत बहुधा एकच ॲन्टेना आणि केवळ २.४ गिगाहर्ट्झची सोय असते. अशा यंत्राची राउटरशी जोडणी सामान्यतः ७२ मेगाबिटांची होते, आणि शिष्टाचाराचा खर्च वजा जाता हाती त्याच्या निम्म्याच्या आसपास उरते. अशा घरात ३०० मेगाबिटची योजना घेणे म्हणजे नरसाळ्यात नदी ओतणे होय. सुदैवाने यूएसबीला जोडावयाचे नवे वायफाय उपकरण थोडक्या किमतीत मिळते. त्यासाठी सबंध लॅपटॉप बदलावयास नको.

पण पुष्कळदा ॲन्टेनाचाही दोष नसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. तेथे नेटवर्कच्या रकान्यात कोण किती खातो ते दिसते. विंडोजची सुधारणा गुपचूप उतरत असेल, तर ती रात्री होऊ द्यावी. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के हा आकडा ठाण मांडून बसला असेल, तर इंटरनेट वेगवान असूनही पान उघडत नाही. कारण आलेला माल ठेवावयास कोठी मोकळी नाही. हा तिसऱ्या प्रवासाचा दोष. बॅटरी वाचविण्यासाठी लॅपटॉप वायफायची शक्ती कमी करतो, म्हणून मोजमाप चार्जर लावून करावे. वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉप बनविणाऱ्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. ‘वेग दुप्पट करणारे’ म्हणून जे कार्यक्रम जाहिरातींतून मिळतात ते शुद्ध भोंदूपणा आहेत, आणि ब्राउझरला चिकटलेली अनोळखी जोडपत्रेही काढून टाकावीत.

एक कारण मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. माहिती घरात उतरते तशी घरातून वर चढतेही, आणि काही योजनांत चढता वेग उतरत्यापेक्षा बराच कमी असतो. लग्नाहून परतलेल्या चार जणांचे फोन वायफायच्या कक्षेत आले की शेकडो छायाचित्रे आपोआप वर चढू लागतात. तो अरुंद रस्ता तुंबला की उतरता रस्ता मोकळा असूनही पान हलत नाही, कारण ‘मिळाले’ ही साधी पोचपावतीदेखील त्याच तुंबलेल्या रस्त्याने जावयाची असते. लेकीसुना माहेरी आल्या की वायफाय मंद होते, या तक्रारीचे रहस्य एवढेच.

जाड भिंतींवर उपाय काय? बाजारात ‘रिपीटर’ म्हणून एक भिंतीला खोचावयाची डबी मिळते. ती लहर ऐकते आणि पुन्हा उच्चारते. साधी डबी ऐकणे आणि बोलणे एकाच वाहिनीवर करीत असल्याने वेग निम्मा होतो. शिवाय लोक ती नेमकी अंधाऱ्या खोलीत लावतात, जेथे तिलाच नीट ऐकू येत नाही. ती लावावयाचीच तर अर्ध्या वाटेवर, जेथे मूळ लहर अजून सशक्त आहे अशा जागी लावावी. मेशचे संच याहून शहाणे, पण महाग. आणि त्यांच्या दोन डब्यांमध्येही तीच भिंत उभी राहते. माझे मत विचाराल तर आमच्या घरांना खरा उपाय जुनाच आहे : तार. राउटरपासून आतल्या सोप्यापर्यंत एक जाळ्याची तार न्यावी आणि तिच्या टोकाला दुसरा, जुना का होईना, राउटर केवळ वायफाय पसरविण्यासाठी जोडावा. ही तार १०० मीटरपर्यंत वेग न गमावता चालते, आणि एवढा मोठा वाडा आता कोणाचा उरला आहे? इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, तंजावर येथील जुन्या वाड्यांत राहणाऱ्या वाचकांनाही हाच उपाय लागू पडेल. वर सांगितलेल्या कुटुंबाने पुढे तेच केले, आणि मुलीचे टेबल परत माजघरात गेले.

कंपनीला मात्र अगदीच मोकळे सोडावे असे नाही. तारेवर मोजलेला वेग सकाळी पुरा आणि रात्री नऊला पाव, असे आठवडाभर दिसले तर गर्दी कंपनीच्या रस्त्यावर आहे. तारीख, वेळ आणि आकडा एका वहीत लिहून ठेवावा; ‘फार स्लो आहे हो’ या तक्रारीपेक्षा त्या पानाचे वजन अधिक पडते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच वेग कोसळत असेल तर योजनेची बारीक अक्षरे वाचावीत. ठरलेल्या मर्यादेनंतर वेग उतरविण्याची अट तेथे असते. काचतंतूच्या डबीवर ‘एलओएस’ हा दिवा तांबडा झाला, तर तंतू कोठेतरी तुटला किंवा फार वाकला आहे. काचेचा तंतू विजेच्या तारेसारखा खिळ्याभोवती गुंडाळून चालत नाही. वळण मोठे, निदान पाण्याच्या तांब्याच्या घेराएवढे ठेवावे. आणि घरातल्या घरात नवी तार टाकताना जुन्या भिंतीला भोक पाडण्यापेक्षा खिडकीच्या चौकटीतून किंवा माळवदाच्या कडेने ती न्यावी. पावसाळ्यापूर्वी बाहेरच्या बाजूने तिला आत शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते, आतल्या डबीत उतरत नाही.